गढीवरचा माणूस : दुर्मिळ इंग्रजी आडनावाचा माग कसा काढायचा

आमच्या जिल्हा परिषद शाळेत २ ऑक्टोबरला गांधीजींवरचा तो मोठा इंग्रजी सिनेमा लावायची पद्धत होती. सेवाग्राम आमच्या गावापासून सायकलच्या टप्प्यात, त्यामुळे पोट्ट्यांना बापूकुटी घरच्यासारखी. सिनेमा १९८२ चा, दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो. एका वर्षी नावांची पाटी सरकत असताना सातवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "सर, अ‍ॅटनबरो म्हंजे गावाचं नाव हाय का जी? आपल्या इकडं आर्वीकर राह्यते तसं?"

मी तिथल्या तिथं फोड करून दिली. अ‍ॅट म्हणजे पाशी, टेन म्हणजे दहा, बरो म्हणजे शहर. दहा शहरांपाशी राहणारा. वर्गानं वहीत लिहून घेतलं. रात्री मलाच चैन पडेना. मी एकतीस वर्षं दाखल-खारीज रजिस्टरात आडनावं लिहिलेला माणूस. कानाला काय वाटतं यावरून आडनावाचा अर्थ लावला की तो बहुतेक वेळा फसतो, हे मला आपल्या आडनावांबाबत पक्कं माहीत होतं. इंग्रजी आडनावाला तोच नियम लावायचा मात्र विसरलो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर "कालचं उत्तर चूक, खरं शोधून सांगतो" असं लिहिलं. शोधायला दीड वर्ष गेलं. घरी एक जुना लॅपटॉप, तालुक्याच्या वाचनालयातलं नेट आणि एक आलेखवही, एवढंच सामान होतं. त्यातून हाती आलेली रीत इथं मांडतो. तुम्हाला कामठीच्या जुन्या गोऱ्यांच्या दफनभूमीतल्या दगडावर, एखाद्या डाकबंगल्याच्या कोनशिलेवर किंवा जुन्या पुलावर अनोळखी इंग्रजी नाव दिसलं, तर तिथंही ती चालेल.

पहिली गोष्ट, अर्थाला हात लावू नका. आधी आडनाव कोणत्या जातकुळीचं असू शकतं एवढंच ठरवा. इंग्रजी आडनावांचे ढोबळ चार प्रकार. बापाच्या नावावरून आलेली, जसं जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. धंद्यावरून आलेली, जसं स्मिथ म्हणजे लोहार. अंगलक्षणावरून किंवा टोपणनावावरून आलेली, जसं शॉर्ट, ब्राउन. आणि जागेवरून आलेली. आपल्याला हे काही नवं नाही. आपल्याकडं काळे आहेत, सुतार आहेत, उमरेडकर आणि नागपुरे आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडं मुनगंटीवार, वडेट्टीवार, कन्नमवार अशी 'वार'वाली आडनावं आहेत, त्यांच्यावर तेलुगूची छाप आहे. गोंड कुळांत टेकाम आहे, त्यामागं सागाचं झाड आहे. मरकाममागं आंबा आहे. इंग्लंडमध्ये साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकांत आडनावं घराण्याला चिकटून वंशपरंपरागत झाली. त्याआधी ती माणसाबरोबर यायची आणि माणसाबरोबर जायची.

जागेवरच्या आडनावांत पुन्हा दोन पोटप्रकार आहेत, आणि सगळं काम याच फाट्यावर अडतं. एक, विशिष्ट गावाच्या नावावरून आलेलं. दुसरं, नुसत्या जागेच्या वर्णनावरून आलेलं: ओढ्याजवळचा, माळावरचा, झाडाखालचा. मध्ययुगीन इंग्रजीत दुसऱ्या प्रकाराला 'अ‍ॅटे' किंवा 'अ‍ॅटेन' हा शब्द लागायचा, अर्थ 'च्या पाशी'. आपल्या स्वातंत्र्याच्या वेळचे ब्रिटिश पंतप्रधान क्लेमेंट अ‍ॅटली आठवा. त्यांचं आडनाव 'अ‍ॅटे ली', म्हणजे रानातल्या मोकळ्या कुरणापाशीचा. नॅश हे आडनाव 'अ‍ॅटेन अ‍ॅश' यातून आलं, अ‍ॅश नावाच्या झाडापाशी राहणारा. अ‍ॅटेनमधला 'न' पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला आणि मागचं सगळं गळून पडलं.

म्हणजे माझ्या 'दहा'चा दहाशी काही संबंध नव्हता. 'बरो'चाही आजच्या शहराशी नव्हता. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीतलं 'बुर्ह', तटबंदी असलेली जागा. मराठीत यासाठी अगदी नेमका शब्द आहे: गढी. आमच्या गावातही पांढऱ्या मातीची गढी आहे. बुरूज ढासळले, वर निवडुंग माजला, तरी गाव तिला गढीच म्हणतं. गढीच्या अंगाला राहणाऱ्या एका घराला सगळे 'गढीवरचे' म्हणतात. सातबाऱ्यावर त्यांचं आडनाव वेगळंच आहे, पण हाक मारताना 'गढीवरचा बुढा', 'गढीवरची बाई'. अ‍ॅटनबरो कळायला मला कोशापेक्षा या घरानं जास्त मदत केली.

कारण आता दोन शक्यता समोर उभ्या राहिल्या. एक : अ‍ॅटनबरो म्हणजे 'अ‍ॅटेन बरो', गढीपाशीचा, आमच्या गढीवरच्या बुढ्यासारखा. दुसरी : अ‍ॅटनबरो नावाचं गावच आहे, आणि हे आडनाव तिथून निघालेल्या माणसाचं. असं गाव खरोखरच आहे. नॉटिंगहॅमशायर परगण्यात, नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी. गावाच्या नावाचा अर्थ 'अद्दा नावाच्या माणसाची गढी' असा लावतात. शेवटी गढी दोन्हीकडं आहेच, पण दोन वाटा वेगळ्या. पहिली खरी असेल तर हे आडनाव जिथं जिथं गढी होती तिथं तिथं स्वतंत्रपणे जन्मलं असणार. दुसरी खरी असेल तर ते एकाच गावाभोवती जन्मलं असणार.

हा निवाडा कोश करत नाही. तो नकाशा करतो. ही माणसं कुठं राहत होती, किती होती आणि कुठं अजिबात नव्हती, हे पाहावं लागतं. ठिकठिकाणी विखुरलेले पुंजके दिसले तर वर्णनावरून आलेलं आडनाव. एकच दाट पुंजका आणि बाहेरच्या बाजूला पातळ होत जाणारी कड दिसली, आणि त्या पुंजक्याच्या पोटात त्याच नावाचं गाव सापडलं, तर ते गावावरून आलेलं.

कुणाला मोजायचं

आजचे लोक मोजू नका. रेल्वे, गिरण्या, खाणी, दोन महायुद्धं, सगळ्यांनी माणसं इकडची तिकडं केली. जितकं मागं जाल तितकं चांगलं, पण फार मागं गेलात तर नोंदी तुटक मिळतात. यातला सोन्यासारखा मधला मुक्काम म्हणजे १८८१ ची जनगणना. ३ एप्रिल १८८१ च्या रात्री इंग्लंड-वेल्समध्ये कोण कुठं होतं हे त्यात आहे, स्वयंसेवकांनी ती अख्खी उतरवून काढली आहे, आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून पाहता येते. मी सुरुवात तिथूनच केली.

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण नावानिशी कागद उपयोगी पडतात ते १८४१ पासून. १८४१ च्या नोंदींत मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, म्हणून ३८ वर्षांचा माणूस ३५ दिसतो; त्यावरून जन्मसाल काढू नका. १८५१ पासून जन्माचं गाव लिहायला लागले. आडनावाच्या शोधात हा रकाना सगळ्यांत मोलाचा. माणूस लंडनमध्ये सापडला आणि जन्मगावाच्या रकान्यात नॉटिंगहॅमशायरचं खेडं असलं, तर नकाशावर दोन टिंबं द्या, एक राहण्याचं, एक जन्माचं, आणि मध्ये पेन्सिलीनं रेघ ओढा. अशा दहा-वीस रेघा झाल्या की त्या कुठून निघतात ते आपोआप दिसू लागतं. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना शोधत बसू नका, ती १९४२ मध्ये आगीत गेली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही.

आता मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट सांगतो. १८९० मध्ये हेन्री ब्रूम गपी नावाच्या माणसानं ब्रिटनमधली आडनावं मूळची कुठली, यावर एक मोठा ग्रंथ काढला. हा गृहस्थ मुळात निसर्गशास्त्रज्ञ. वनस्पती कुठं उगवते, कुठवर पसरते, हे पाहणाऱ्या नजरेनं त्यानं आडनावं पाहिली. आणि मोजणीसाठी त्यानं निवडले कोण? शेतकरी. त्या काळच्या व्यापारी निर्देशिकांत परगण्यागणिक शेतकऱ्यांच्या याद्या असायच्या. त्यातून दर दहा हजार शेतकऱ्यांमागं एका आडनावाचे किती, हे त्यानं काढलं. त्याचा तर्क साधा होता: दुकानदार, कारागीर, नोकरदार हलतात, पिढ्यान्‌पिढ्या जागा न सोडणारा माणूस म्हणजे शेतकरी.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून बांधावर जाऊन बसलो. माझा बाप, आजा, पणजा याच काळ्या मातीत पऱ्हाटी आणि तूर पेरत आले. आमच्या आडनावाची घरं आजही तीन-चार गावांपलीकडं गेलेली नाहीत. जी गोष्ट लोक मागासलेपणा म्हणून सांगतात, तिच्याच भरवशावर विलायतेतल्या एका अभ्यासकानं सबंध देशाचा नकाशा काढला. तेव्हापासून मी शोध घेताना धंद्याचा रकाना आधी वाचतो. शेतकरी आणि शेतमजूर यांची टिंबं निळ्या शाईनं, बाकीच्यांची लाल. निळी टिंबं मूळ सांगतात, लाल टिंबं प्रवास सांगतात.

दर दहा हजारी

नुसती संख्या नकाशावर मांडली की लंडन आणि मोठी शहरं सगळ्या आडनावांत पुढं येतात. म्हणून भागाकार करावाच लागतो. समजा एका महानगरात एका आडनावाचे ४० लोक आहेत आणि लोकसंख्या ४० लाख. एका लहान परगण्यात २० लोक आणि लोकसंख्या २ लाख. संख्येनं महानगर दुप्पट, पण दर दहा हजारी पाहिलं तर महानगरात ०.१ आणि परगण्यात १. म्हणजे परगण्यात ते आडनाव दहापट दाट. सातवीच्या पोरांना हे गणित मी असंच घातलं, आणि शेकडेवारी आयुष्यात कुठं लागते हा प्रश्न त्या वर्षी कुणी विचारला नाही.

अ‍ॅटनबरोचं काय झालं? दाट पुंजका नॉटिंगहॅमशायरलाच पडला, गावाच्या आसपास. बाहेर पातळ. लंडनमध्ये मात्र एक गाठ शिल्लक राहिली, तिचं कारण शोधावं लागलं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये अ‍ॅटनबरो हे नाव गहाणवटीच्या धंद्यात मोठं होतं. घड्याळ, दागिना ठेवून पैसे देणाऱ्या त्यांच्या पेढ्या शहरभर प्रसिद्ध होत्या. आपल्याकडं पेरणीच्या तोंडावर मंगळसूत्र ज्याच्याकडं जातं, तसाच व्यवहार. धंदा चालला की पुतणे, भाचे, गावचे पोरगे मागून येतात आणि नकाशावर दूर कुठं तरी एक लाल गाठ बसते. अशी गाठ दिसली की तिला लगेच दुसरं मूळ समजू नका. आधी धंदा विचारा.

गावावरून पडलेल्या आडनावाचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवा. ते गावात पडत नाही, गाव सोडल्यावर पडतं. आर्वीत राहणाऱ्या सगळ्यांना आर्वीकर म्हणून काय उपयोग? तो पुलगावला गेला की आर्वीकर होतो. अ‍ॅटनबरो गावातली एक प्रसिद्ध नोंद पाहा: ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई आणि सेनानी हेन्री आयर्टन याचा बाप्तिस्मा १६११ मध्ये याच गावात झाला. आडनाव आयर्टन, आणि आयर्टन नावाच्या वस्त्या आहेत शेजारच्या डर्बीशायरमध्ये. म्हणून माग काढताना गावाच्या आतच चकरा मारू नका, गावाभोवती एका दिवसाच्या पायी वाटेएवढं वर्तुळ काढा. सिनेमावाले रिचर्ड आणि निसर्गपट करणारे डेव्हिड या भावांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ मध्ये स्टेपलफोर्डचा. नकाशावर फूटपट्टी लावली तर स्टेपलफोर्ड ते अ‍ॅटनबरो अंतर चार-पाच किलोमीटर भरतं. आमच्या गावापासून आठवडी बाजारही त्याहून लांब आहे. डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी १९६६ मध्ये त्या गावाजवळच्या निसर्ग-अभयारण्याचं उद्घाटन केलं. जुन्या वाळू-खडीच्या खाणींत पाणी साठून झालेली ती तळी आहेत. शेकडो वर्षांनी आडनाव परत गावाच्या शिवेवर आलं.

कागद वाचताना

जनगणनेच्या मागं जायचं तर दोन दारं आहेत. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. तिची तिमाही सूची फ्रीबीएमडी या स्वयंसेवी संकेतस्थळावर मोफत शोधता येते. स्कॉटलंडची सरकारी नोंदणी १८५५ पासून. त्याआधीसाठी चर्चच्या वह्या. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं प्रत्येक पाद्र्याला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचा हुकूम काढला. (हा क्रॉमवेल वेगळा, आयर्टनचा सासरा वेगळा, मी सुरुवातीला दोघांचे कागद एका फायलीत लावले होते.) आपल्याकडचं कोतवाल बुक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या वह्या परक्या वाटणार नाहीत. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, एका ओळीत, त्या त्या माणसाच्या हस्ताक्षरात.

हस्ताक्षर ही मोठी अडचण. मोडी वाचणाऱ्याला जसा एकेका लेखणीचा सराव करावा लागतो, तसाच इथं. एका वहीतली सोपी नावं आधी वाचा, जॉन, मेरी, थॉमस. त्या पाद्र्याचं प्रत्येक अक्षर वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. मग आडनावाकडं वळा. जुन्या वह्यांत पहिली नावं लॅटिनमध्ये असतात: विल्यमचा गुलिएल्मुस होतो, जेम्सचा जाकोबुस.

आडनावाचं एकच लेखन धरून बसू नका. लिहिणारा कानानं लिहायचा. अ‍ॅटनबरोच्या शेवटची इंग्रजी अक्षरं ओ-यू-जी-एच, पण काही घरांनी तिथं ओ-डब्ल्यू लावलं. मधला 'टी' कधी एक, कधी दोन. आमच्या रजिस्टरात सख्ख्या भावांची आडनावं एकाचं ऱ्हस्व आणि एकाचं दीर्घ अशी निघाली होती, आणि पुढं जातीच्या दाखल्याला त्यांना किती हेलपाटे पडले ते मी पाहिलं आहे. शोधपेटीत ज्या अक्षराबद्दल खात्री नाही तिथं तारका चिन्ह टाका. शिवाय साउंडेक्स नावाची सांकेतिक रीत आहे, १९१८ साली अमेरिकेत तिचं पेटंट निघालं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर सोडायचे आणि सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा: बी, पी, एफ, व्ही यांना १, डी, टी यांना ३, एम, एन यांना ५, असं तीन आकडे होईपर्यंत. जोड 'टी' एकदाच धरतात. त्या हिशोबानं अ‍ॅटनबरो म्हणजे ए-३५१. शेवटची अक्षरं कशीही लिहा, आकडा तोच येतो. कंटाळवाणं वाटतं, पण याच आकड्यानं मला चुकीच्या लेखनात दडलेल्या नोंदी काढून दिल्या.

तारखांत एक फसवी जागा आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे जुन्या वहीतला फेब्रुवारी १६४० हा आपल्या हिशोबानं फेब्रुवारी १६४१. गुढीपाडव्याला वर्ष बदलणाऱ्या आणि जुन्या सारा-पावत्यांवर फसली सन वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला जड नाही, पण लक्षात ठेवावं लागतं. नाही तर पोरगं आईबापाच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि आपण नसता डाग लावून बसतो.

हद्दीही तशाच. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. आमचा वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदात गोंदिया जिल्हा शोधणारा रिकाम्या हातानं परत येईल. इंग्लंडमध्ये १९७४ साली अशीच मोठी उलथापालथ झाली. हंटिंगडनशायर केंब्रिजशायरमध्ये गेलं, चिमुकलं रटलंड लेस्टरशायरमध्ये गेलं आणि १९९७ मध्ये परत वेगळं झालं. शिवाय जन्म-मृत्यूच्या नोंदणीचे जिल्हे वेगळेच असतात, ते परगण्याची शीव ओलांडतात. नकाशा करायला बसण्याआधी कोणत्या सालची हद्द धरणार ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

रक्ताचा पुरावा

नकाशानं सांगितलेलं खरं की खोटं, हे पडताळायला आता आणखी एक साधन आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडं जातं, आणि इंग्रजी आडनावही तसंच. २००० मध्ये ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. जवळपास निम्म्यांचं गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं. साइक्स हे तर वर्णनाचं आडनाव, यॉर्कशायरकडच्या बोलीत 'साइक' म्हणजे लहान ओढा, नाला. नाल्याकाठचे लोक पुष्कळ असणार, तरीही त्यांच्यात एकच मूळपुरुष ठळक दिसला.

पुढं २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस आडनावं घेतली. स्मिथसारख्या सर्वत्र पसरलेल्या आडनावात रक्ताचं नातं असं काही दिसलं नाही. लोहार गावोगावी होते. आडनाव जितकं दुर्मिळ, तितकं साम्य जास्त. आणि त्यांच्या यादीत अ‍ॅटनबरो होतं. त्या आडनावाच्या ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचं वाय गुणसूत्र सारखं किंवा जवळजवळ सारखं निघालं. गढीपाशीचे अनेक नव्हे, एका गावातून निघालेला एक. नकाशानं जे दाखवलं तेच रक्तानं सांगितलं. उरलेल्यांमध्ये दत्तक आले, आईकडून आडनाव घेतलेले आले, त्यात लाज वाटावी असं काही नाही.

हे वाचून मी पुन्हा एकदा चकित झालो, कारण फ्रेडरिक अ‍ॅटनबरो १९३२ पासून १९५१ पर्यंत लेस्टरच्या ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते, त्याचंच पुढं १९५७ मध्ये विद्यापीठ झालं. ते स्वतः जुन्या इंग्रजीचे अभ्यासक होते, 'बुर्ह'चा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. अर्थात घरबसल्या शोध घेणाऱ्याला गुणसूत्रांची गरज नाही. कुणी प्रकाशित अभ्यास केलेला असेल तर तो पाहा. लोकांच्या थुंकीचे नमुने गोळा करायच्या भानगडीत पडू नका.

जुनापाणीचा साहेब

कधी कधी आडनाव जमिनीतून उगवत नाही, मृत्युपत्रातून उगवतं. विदर्भातलंच उदाहरण देतो. १८६० च्या दशकात मध्यप्रांत-वऱ्हाडात कापसाचे आयुक्त होते रिवेट-कार्नाक. त्यांनीच नागपूरजवळच्या जुनापाणी इथली महापाषाणयुगीन शिळावर्तुळं खोदून पाहिली आणि १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. कापूस आणि दगड, दोन्हींमुळे हे नाव आमच्या भागाला चिकटलेलं.

आता या आडनावाचा नकाशा काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण ते १८०१ मध्ये कागदावर तयार झालं. १७७९ च्या वडगावच्या मोहिमेत मराठ्यांनी कोंडीत पकडलेल्या इंग्रज फौजेबरोबर होते ते जॉन कार्नाक. त्यांचे मेहुणे जेम्स रिवेट यांनी कार्नाकांच्या मृत्युपत्राप्रमाणे त्यांचं आडनाव आपल्या आडनावाला जोडलं. जेम्सचे चिरंजीव पुढं १८३९ ते १८४१ मुंबईचे गव्हर्नर होते, मुंबईचं कार्नाक बंदर त्यांच्या नावाचं. म्हणून जोडआडनाव दिसलं की त्याचे दोन तुकडे करा आणि प्रत्येकाचा माग वेगळा काढा.

आणि इथं एक मोह टाळा. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात कार्नाक नावाचं गाव आहे, तेही हजारो उभ्या शिळांच्या रांगांसाठी प्रसिद्ध. शिळावर्तुळं खोदणारा साहेब, आडनाव कार्नाक, आणि शिळांचं गाव कार्नाक. जुळणी किती सुंदर! पण ही जुळणी फक्त नावांची आहे. मधल्या पिढ्यांचे कागद हाती येईपर्यंत वहीत ती 'साम्य' या रकान्यात लिहा, 'उगम' या रकान्यात नको. माझ्या 'दहा शहरां'चा धडा मी इथं वापरला.

विदर्भात मेलेल्या इंग्रजांची नोंद शोधायची तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या चर्चनोंदी पाहा. त्या बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन गठ्ठ्यांत आहेत. नागपूर-कामठी म्हणून लगेच मुंबईचा गठ्ठा उघडू नका. कामठीची छावणी दीर्घकाळ मद्रास फौजेची होती, म्हणून मद्रास आधी. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांकडं असला तरी नावाला निजामाचा होता, मध्यप्रांताशी त्याचा कारभार जोडला गेला १९०३ मध्ये; त्यामुळे अचलपूर-चिखलदऱ्याचे कागद वेगळ्या ठिकाणी निघू शकतात. दगड वाचायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. खडू, चुना, तेल काही लावू नका, ओल्या फडक्यानं हलकेच पुसा आणि फोटो काढा. साल आणि वय कोरलेलं असलं तर त्या दोन आकड्यांवरून जन्मसाल काढून इंग्लंडच्या सूचीत शिरता येतं.

फळ्यावर दुरुस्त उत्तर लिहिलं तेव्हा ती पोरगी आठवीच्या शेवटाला होती. आलेखवहीतला नकाशा मी वर्गाच्या भिंतीवर लावला, निळी टिंबं, लाल टिंबं, ट्रेंट नदी. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मंग सर, आमच्या आडनावाचं गाव कोनतं जी? आमचे सहाच घरं हायेत."

आता ती वर्ध्याला कॉलेजात शिकते. सहाही घरांच्या म्हाताऱ्यांकडून तिनं जुनी गावं विचारून घेतली आहेत, प्रत्येकानं वेगळं सांगितलं. तीन गावांच्या मतदारयाद्या तिनं ओळीनं वाचून काढल्या. निळ्या शाईची अकरा टिंबं झाली आहेत, बहुतेक वर्धा नदीच्या पलीकडच्या काठाला. तिथल्या दोन गावांच्या कोतवाल बुकाच्या नकलेसाठी गेल्या महिन्यात अर्ज दिला. नक्कल आली की मोडी वाचायला आम्ही दोघं बसणार आहोत.